गुणीचं पाणी

आमच्या घरात रडणाऱ्या पोरांची कधी वानवा नव्हती. माझ्या पाठचे दोघे भाऊ तर पाळण्यात असताना अख्खी आळी जागी ठेवत. त्यामुळे चौथं पोर जन्माला आलं आणि ते रडेचना, तेव्हा सगळ्यांनी देवाचे उपकार मानले. गणपती उठल्यावर आठवड्याभरात झालेली ही पोर. आई बाळंतिणीच्या खाटेवर, मी तिच्या पायांशी, आणि आते दारात उभी राहून येईल त्या बाईला ऐकवत होती, "पोर गुनाची हाय बग. ररत नाय, किरकिर नाय. आयेसला तरास नाय." आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत ती माहेरी परत आली ती कायमची, आणि आमचं घर तिच्या शब्दावर चालायचं. तिनं गुणाची म्हटलं म्हणजे गुणाची. बारशाला सुनंदा नाव ठेवलं, पण ते पत्रिकेपुरतंच राहिलं. सगळे तिला गुणी म्हणत. मीही गुणीच म्हणायचे, आजही मनात आली की त्याच नावानं येते.

आमचं गाव खाडीकाठचं, मिठागरांचं. आज तिथे कंटेनर उभे असतात आणि माझ्या भावांचे ट्रक त्यांच्यामधून ये-जा करतात. गाव कुठे संपतं आणि यार्ड कुठे सुरू होतं हे मलाच कळत नाही. तेव्हा बांधावर उभं राहिलं की डोळे दिपवणारे वाफेच वाफे दिसत आणि त्यांच्या कडेनं मिठाच्या राशी. दिवाळी सरली की मोठी माणसं मिठागरावर जात ती पार पावसाच्या तोंडापर्यंत. आई-बाबा आणि आते उजाडता उजाडता तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून निघत, आई दुपारी पोरीला पाजायला येई आणि परत जाई. संध्याकाळी तिघांचे पाय मिठानं उकललेले असत, त्यांवर आते खोबरेल चोळायची आणि दात आवळून धरायची. खायला आम्हाला कमी नव्हतं. खाडीत निवट्या, कोळंबी, चिंबोऱ्या, भात घरचा. कमी होतं ते पाणी. गावच्या तळ्याचं पाणी मचूळ, धुण्याभांड्यापुरतं. प्यायचं गोडं पाणी डोंगराकडच्या विहिरीचं, जायला-यायला दीड तास, आणि एका माणसाच्या डोक्यावर दोनच हंडे मावतात. ते दोन हंडे माझे होते. आज नळ सोडून दात घासणारी नातवंडं बघितली की माझा तोल जातो. त्यांना वाटतं, म्हातारी कंजूष आहे.

गुणी पिवळी होती. सगळीच पोरं थोडी पिवळी असतात म्हणून आईनं तिला सकाळच्या उन्हात धरलं, पण तिचा पिवळेपणा दसरा झाला तरी गेला नाही. दूध पाजायला तिला उठवावं लागे. तळव्यावर टिचक्या मारायच्या, ओला पदर गालाला लावायचा, तेव्हा कुठे दोन घोट घेई आणि पुन्हा झोपे. पहाटे अंगाला हात लावला तर कधी गार आणि घामेजलेली लागायची. आते म्हणायची, खोली थंड आहे, दुपटं घाल. पाच-पाच दिवस पोट साफ होत नसे, तेव्हा विड्याच्या पानाचा देठ. प्रत्येक गोष्टीला घरात काही ना काही उत्तर होतं आणि ती उत्तरं काही वेडगळ नव्हती, तीच उत्तरं आमच्या दोघा भावांना लागू पडली होती. पण एवढ्या सगळ्या गोष्टी एकाच पोरीला का, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे कुणाला ठाऊक होतं?

डोळे फिरायला लागले दिवाळीच्या सुमाराला. आपण समोर तोंड नेलं तरी ती आपल्याकडे बघत नसे. बुबुळं सावकाश एका कडेकडून दुसरीकडे जात, जशी पाण्यात सोडलेली वस्तू हलते तशी. कुठे ठरत नसत. आतेला त्याचंही कौतुक. "सटवी खेलवते तिला," ती म्हणाली, "डोले कसे फिरतान बग, तिच्याच मागं." लहान पोर झोपेत हसलं की सटवाई त्याच्याशी खेळते असं आमच्याकडे म्हणतात, पोर सुखात आहे असा त्याचा अर्थ. ही तर जागेपणीही खेळत होती, म्हणजे देवीची जास्तच लाडकी.  एकदा आईनं चुलीतलं जळतं लाकूड गुणीच्या डोळ्यांपुढून हळूच फिरवलेलं मी पाहिलं. पोरीनं पापणीसुद्धा लववली नाही. आईनं लाकूड परत चुलीत घातलं आणि भाकरी थापत राहिली.

थंडी ओसरताना तालुक्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू बघायला डॉक्टर आले होते, त्यांच्या रांगेत आई गुणीला घेऊन बसली, सोबत मी. डॉक्टर माणूस चांगला होता. दुपारपर्यंत उभा राहून थकला होता, तरी त्यानं पोरीला टेबलावर घेतलं, थेंब घालून, कपाळाला दिवा बांधून बराच वेळ डोळ्यांत पाहिलं. मग आईला म्हणाला, "डोळ्यांच्या मागच्या नसा बारीक राहिल्यात, जन्मापासूनच. हिला दिसणार नाही. याला औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. उगीच फिरू नका कुठे." आई म्हणाली, "पन दाक्तर, भांडा वाजला की मान वलवते ती." डॉक्टर म्हणाला, "ऐकू चांगलं येतं तिला. ते बरंय." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्याच्यावर मला राग नाही. त्याला डोळे बघायला पाठवलं होतं आणि डोळे त्यानं बरोबर बघितले.

परतीच्या एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि मी गुणीला मांडीवर घेतलं होतं. त्या दिवसानंतर आमचं घर तिच्या डोळ्यांभोवतीच फिरू लागलं. मिठागरावरून बाया बघायला येत, तिच्यापुढे बोटं नाचवत, च्च च्च करत. आतेनं नवस बोलला. बाबा कधी नव्हे ते बांधावर एकटे बसू लागले. मोठी झाल्यावर हिचं कसं होणार, कोण करणार, आमच्यामागे हिला कोण बघणार, हेच बोलणं. पाच महिन्यांच्या पोरीच्या साठ वर्षांची काळजी करत होतो आम्ही. ती त्या आठवड्यात काय पिते, किती झोपते, तिचे हातपाय असे लुळे का, वजन का वाढत नाही, तिकडे बघायला कुणाला सवडच उरली नाही. जे काही वेगळं दिसे त्यावर एकच उत्तर ठरून गेलं, की आंधळी आहे ना ती. मीही तेच म्हणायचे.

होळीच्या आधी कधीतरी तिला तहान लागायला लागली. आधीही असेल, पण झोपाळू पोरीची तहान दिसत नाही. आता ती जागी असे आणि चोखत असे. माझ्या परकराचं टोक, स्वतःची मूठ, ओलं फडकं. तांब्या हंड्याला लागला की मान वळे आणि तोंडातून एक आवाज येई, रडणं नव्हे, कण्हल्यासारखा. मी बोंडल्यानं, चोचीच्या छोट्या वाटीनं, पाणी पाजायचे. दोन बोंडली, तीन, चार, ती थांबतच नसे. आणि जेवढं पिई तेवढं मुते. जुन्या लुगड्याचे वीस-बावीस लंगोट होते, ते सगळे दुपारपर्यंत ओले. तळ्यावर जाऊन धुवायचे, काट्यांवर वाळत घालायचे, तोवर झोळी पुन्हा ओली. लंगोट पिळताना त्यातून पाण्यासारखंच पाणी निघे, ना पिवळं, ना वास. मला वाटायचं, किती स्वच्छ आहे ही पोर. एवढं करून अंग अधूनमधून तापायचं, मग उतरायचं. आते मीठ-मिरच्या उतरून टाकायची. आणि एक दिवस लंगोटांचा ढीग बघून तीच म्हणाली, "अगं, येवरा पानी कंला पाजतेस? पिते म्हून मुतते. कमी पाज, मंग बग."

यात चूक वाटण्यासारखं काय होतं? भावांना गादीत मुतायची खोड होती तेव्हा संध्याकाळनंतर त्यांचं पाणी असंच तोडलं होतं आणि खोड गेली होती. शिवाय हंडे माझ्या डोक्यावरून येत होते. मी चार बोंडल्यांवरून दोनवर आले. लंगोट थोडे कमी झाले, निदान मला तसं वाटलं.

आता माझं सांगते. मी सातवीत होते. मिठाचा हंगाम सुरू झाला तेव्हापासून माझी शाळा जवळजवळ सुटलीच होती, पोरीला कोण बघणार म्हणून. परीक्षा तोंडावर आली तेव्हा आमचे गुरुजी घरी आले आणि ओट्यावर बसून बाबांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे. सातवीला चांगले गुण पडले तर तालुक्याच्या हायस्कुलात मी स्वतः नाव घालून देतो. नुसती दुपारची उजळणी करू द्या तिला. बाळाला घेऊन येऊ दे हवं तर." बाबा आईकडे बघू लागले, आई आतेकडे. आते म्हणाली, "जाऊं दे. पोर गुनाची हाय, बसंल गप." मला त्या क्षणी एवढा आनंद झाला होता की त्याची आज लाज वाटते. मी गुणीला पाठीशी लुगड्यात बांधून शाळेत नेऊ लागले. पहिल्याच दिवशी तिनं पाठ ओली केली, पाणी बाकावरून खाली गेलं, मुलं नाक धरून हसली. मागच्या बाकावरच्या एकानं वही उचलून आरडाओरड केली. दुसऱ्या दिवशी तेच. गुरुजींनी कोपऱ्यातलं फडकं दाखवलं, आणि मी सगळ्या वर्गादेखत जमीन पुसली.

तिसऱ्या दिवशी मी तिला पाणी दिलं नाही.

हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली ते मोजत बसत नाही. सकाळी आई पाजून गेली, त्यानंतर मी बोंडलं हातात घेतलंच नाही. मी हंडे उतरवले तेव्हा तिनं मान वळवली, कण्हली. मी तिला म्हटलं, "नाय. साळंत जायचाय आज." ती हात हलवत राहिली. दुपारी आई आली आणि तिनं पाजायला घेतलं, पण दूध फारसं नव्हतंच, उन्हात राबून तिचंही आटत आलं होतं. मग मी निघाले. चैत्राचं ऊन, रस्ता तापलेला. वर्गात ती माझ्या मांडीवर निपचित पडून होती. लंगोट थोडाच ओला झाला, पूर्वीसारखं वाहून गेलं नाही. कुणी हसलं नाही. मी व्याजाची गणितं केली, फळ्यापुढे जाऊन एक सोडवलं. गुरुजी म्हणाले, "बघा, बाळ किती शहाणं झालं." मला फार बरं वाटलं. तिचे ओठ कोरडे होते, टाळूची जागा आत गेली होती, अंग भाजत होतं. ते सगळं मी पाहिलं आणि उन्हामुळे असेल म्हटलं. घरी आल्यावर बोंडल्यानं पाणी घातलं तर ते ओठांच्या कडेनं खाली आलं. तिला गिळता येत नव्हतं.

दिवेलागणीला मोठी माणसं परतली तेव्हा तिचे हातपाय झटके घेत होते. बाबांनी मिठाच्या ट्रकवाल्याला हात करून थांबवलं, आई तिला घेऊन पुढे बसली, आतेही चढली. मला घरी ठेवलं, भावांना बघायला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं परत आली, तेव्हा आईच्या हातात गुंडाळलेलं होतं. दवाखान्यात सांगितलं होतं की ताप मेंदूत गेला. लहान पोरांना आमच्याकडे पुरतात. बांधापलीकडच्या उंचवट्यावर बाबांनी आणि शेजारच्यांनी खड्डा खणला. वर मीठ घालतात, ते आमच्याच मिठागरातलं होतं, बाबांनी टोपलीभर आणलं. आते मोठ्यानं रडत होती, "गुनाची पोर, कुनाला तरास दिला नाय." बाया म्हणाल्या, बरं झालं, सुटली, आंधळी पोर आयुष्यभर काय करणार होती. आईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. कुणीही मला विचारलं नाही की तू तिला काल काय पाजलंस.

मी परीक्षेला बसले. शाळेत पहिली आले. गुरुजींनी शब्द पाळला आणि मी हायस्कुलात गेले. पुढे लग्न, मुलं, आणि गावातल्याच अंगणवाडीत सेविका. लोक म्हणतात, बाई मुलांवर फार जीव लावते. लावते खरी. पण कोणाही मुलानं पाणी मागितलं तर माझ्या हातातलं काम आपोआप खाली पडतं, ते जीव लावण्यामुळे नव्हे.

निवृत्तीच्या थोडं आधी आमचं एक प्रशिक्षण झालं. पोषण, वजनं, नेहमीचंच, निम्म्या बाया पेंगत होत्या. शेवटी एक बालरोगतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी पडद्यावर एका तान्ह्या मुलाचे डोळे दाखवले, सावकाश इकडून तिकडे जाणारे. मी तिथेच ताठ झाले. त्या म्हणाल्या, "दोन-तीन महिन्यांचं मूल नजर धरत नसेल, डोळे असे भिरभिरत असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवाच. पण तिथे थांबू नका. डोळ्यांची नस बारीक राहिलेली असली की बऱ्याचदा मेंदूच्या तळाशी असलेली एक छोटी ग्रंथीही नीट काम करत नाही. शरीराला लागणारे हार्मोन तिथून सुटतात. तेव्हा आईला विचारा. कावीळ किती दिवस होती? दूध प्यायला उठवावं लागतं का? पहाटे गार पडतं का, घाम येतो का? झटके आले का? वाढ खुंटलीय का? आणि लघवी किती करतं, पाणी किती मागतं?" एकेक प्रश्न त्या विचारत होत्या आणि मी मनात हो, हो म्हणत होते, जणू कुणी गुणीला ओळखणारं माणूस इतक्या वर्षांनी भेटलं होतं. रक्त तपासून हे कळतं, त्या म्हणाल्या, औषधं आहेत, गोळ्या आहेत, मूल जगतं. दिसत नसलं तरी जगतं, शाळेत जातं. मी हात वर केला.  "बाई, जास्त मुततं म्हणून पाणी बंद केलं तर?" त्या म्हणाल्या, "नाही ताई. ते पितं म्हणून मुतत नाही. शरीरात पाणी थांबतच नाही, म्हणून ते पितं. पाणी तोडलं तर रक्तातलं मीठ वाढत जातं. ताप येतो, झटके येतात." मग त्यांनी पडद्यावरचं चित्र बदललं, बहुतेक माझा चेहरा बघून. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. अक्षर छान आलं होतं.

त्यानंतर मी एक मूल पाठवलं. आमच्या आळीतल्या सुनेचं, डोळे तसेच, पहाटे तसंच गार. तिची सासू म्हणत होती, बाळ शांत आहे. मी त्या सासूशी भांडून, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत स्वतः सोबत गेले. तो मुलगा आज रोज गोळ्या घेतो, आईचा हात धरून अंगणवाडीत येतो, गाणी पाठ करतो. लोक म्हणतात, तुम्ही वाचवलंत. त्यांना काय सांगू? तो माझ्या अंगणात हसतो तेव्हा मी आत निघून जाते.

त्या प्रशिक्षणाच्या सुमाराला आई ऐंशीला टेकलेली. आते जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाबाही नव्हते. मी ठरवून गेले होते, सगळं सांगायचं म्हणून. तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडत निवडत सांगितलं. ती ग्रंथी, त्या गोळ्या, आणि मग तो तिसरा दिवस, शाळा, बोंडलं. आईनं मान वर केली नाही. तिचे हात सुपात चालूच होते. मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगायला लागेल, आणि पुन्हा सांगणं मला जमणार नाही.

एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "रातचा मी पन देत नव्हते."

"काय?"

"पानी. हात लावून मागायची. मी कूस बदलायची. उजाडता मिठावर जायाचा व्हता ना, वायच डोला लागावा म्हून." तिनं मूठभर तांदूळ पुढे ओढले. "मना येवरी वर्सा वाटत व्हता, मीच एकली."

मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो काढून घेतला. रागानं नव्हे, तांदूळ सांडतील म्हणून. मग माझ्याकडे सरळ बघून तिनं विचारलं, "ती पानीच मागत व्हती ना गं, बाय? दुसरा काय नाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. ऐंशी वर्षांच्या बाईशी खोटं बोलायला काय लागतं.

"हो आई," मी म्हटलं, "पाणीच मागत होती."